सोळा गवाक्षांचे जहाज

प्रतिकृती मूळ वस्तूशी कशामुळे बांधलेली असते, हा प्रश्न भारतीय विचारात मुख्यतः देवमूर्तीच्या निमित्ताने चर्चिला गेला आणि त्याचे उत्तरही बहुधा एकाच दिशेने दिले गेले: मूर्ती देवासारखी दिसते म्हणून पूज्य होत नाही, प्राणप्रतिष्ठेच्या विधीने होते, आणि म्हणूनच भाद्रपदातल्या पार्थिव गणपतीची विसर्जनानंतर पुन्हा नुसती माती होते. शिल्पशास्त्रातले तालमान, म्हणजे बारा अंगुळांचा एक ताल धरून उभी मूर्ती नऊ तालांत, अर्थात १०८ अंगुळांत बसवण्याची पद्धत, हे मापही मूर्तीच्या आतलेच आहे. बाहेर कोठे मूळ देह उभा असून त्यावरून ते उतरवलेले नाही. या परंपरेत वाढलेल्या वाचकाला प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेले महासागरी प्रवासी जहाज हा तत्त्वचिंतनाचा विषय वाटण्याचे कारण नाही. फार तर तो फावल्या वेळचा छंद वाटेल. परंतु जिच्यामागे पूजा नाही, मंत्र नाही, केवळ मूळ वस्तूशी राखलेले इमान आहे, अशा प्रतिकृतीच्या बाबतीतच हा प्रश्न कोणत्याही आडोशाशिवाय समोर येतो.

टायटॅनिकचे उदाहरण त्यासाठी सोयीचे आहे, कारण प्रतिकृतिकारांनी इतक्या बारकाईने अभ्यासलेली जहाजे थोडी आहेत. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत ३१ मे १९११ रोजी पाण्यात उतरलेले आणि १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडालेले हे जहाज सुमारे २६९ मीटर लांब होते. १:३५० या प्रमाणात, म्हणजे मुळातले ३५० मिलीमीटर प्रतिकृतीत एक मिलीमीटर असे धरल्यास, ते ७७ सेंटिमीटरचे होते आणि त्याच्या डेकवरचा प्रौढ माणूस जेमतेम पाच मिलीमीटरचा. किटच्या खोक्यात हे जहाज जहाज म्हणून नसतेच. त्याचे भाग क्रमांक घालून ‘स्प्रू’ नावाच्या प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले असतात आणि जोडणारा ते एकेक करून कापून, घासून, चिकटवून उभे करतो.

सर्व मापे सारख्याच प्रमाणात लहान केली की मूळ वस्तूच लहान रूपात हाती येते, हा समज येथे पहिल्याच पायरीवर मोडतो. डेकच्या कडेचा लोखंडी कठडा साडेतीन सेंटिमीटर जाड धरला, तर प्रतिकृतीत तो एक दशांश मिलीमीटर व्हायला हवा. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकला इतके बारीक होणे जमत नाही, म्हणून आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे कठडे वेगळे आणून लावावे लागतात. डोलकाठ्यांचे ताण केसाइतके बारीक लागतात, आणि त्यासाठी जुनी युक्ती अशी की टाकून द्यायच्या स्प्रूचाच तुकडा मेणबत्तीवर मऊ करून दोन्ही टोकांनी ओढायचा, म्हणजे त्याचा तंतू निघतो. फवारलेल्या रंगाचा थर तीन शतांश मिलीमीटर भरला, तरी मूळ मापात तो सेंटिमीटरभर जाडीचा लेप होतो, आणि असा लेप कोणत्याही खऱ्या जहाजाने कधी अंगावर वागवला नसेल. काळा रंग काळा ठेवूनही भागत नाही: दुरून पाहिलेले खरे जहाज मधल्या हवेमुळे फिकट दिसते, आणि प्रतिकृती मात्र हातभर अंतरावरून पाहिली जात असल्याने जाणकार काळ्यात थोडा राखाडी मिसळतात. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ व्हेनिसच्या नौकाबांधणीच्या गोदीपासून केला तो याच मुद्द्यावर, की आकार बदलला की क्षेत्रफळ वर्गाने आणि घनफळ घनाने बदलते, त्यामुळे लहान नौकेची रचना नुसती मोठी करून मोठे जहाज उभे राहत नाही. तोच हिशेब उलटा केल्यास ५२,००० टनांच्या टायटॅनिकला ३५० च्या घनाने, म्हणजे ४ कोटी २८ लाख ७५ हजारांनी भागावे लागते आणि उत्तर सव्वा किलोच्या जवळपास येते. साखरेच्या पुड्याएवढे हे वजन हातात घेऊन कोणालाही महासागराचा प्रत्यय येणार नाही. थोडक्यात, प्रतिकृती खरी दिसावी म्हणून तिला जागोजागी खोटे व्हावे लागते, आणि कोठे किती खोटे व्हायचे हे मोजपट्टी सांगत नाही.

याहून बिकट प्रश्न पुढचा आहे: प्रतिकृती टायटॅनिकची खरी, पण कोणत्या टायटॅनिकची? नाळेजवळच्या सी डेकवर डाव्या बाजूला जलावतरणाच्या वेळी चौदा गवाक्षे होती. जहाज पूर्ण होईपर्यंत दोन वाढली आणि सोळा झाली. ए डेकच्या फेरफटक्याच्या मार्गाचा पुढचा अर्धा भाग तर प्रवासाच्या काही आठवडे आधीच खिडक्यांनी बंद करण्यात आला. (गवाक्ष ही क्षुल्लक बाब वाटत असेल, तर ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात मोरिया या पी. अँड ओ. कंपनीच्या प्रवासी जहाजाच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकर समुद्रात उतरले होते, याचे स्मरण पुरे. १:३५० या प्रमाणात तशी फट मिलीमीटरभराची होते आणि ती हातात धरायच्या बारीक ड्रिलने पाडावी लागते.) चौदा छिद्रे पाडणारा आणि सोळा पाडणारा हे दोघेही टायटॅनिकच करीत असतात, आणि तरीही दोघांच्या हातून एकच वस्तू होत नाही.

न्याय-वैशेषिक दर्शनांच्या परिभाषेत ही अडचण नेमकी मांडता येते. त्यांच्या मते अवयव जुळले की त्यांच्याहून वेगळे असे एक नवे द्रव्य जन्मते. त्याला ‘अवयवी’ म्हणतात आणि ते आपल्या अवयवांत ‘समवाय’ या अतूट संबंधाने राहते. कापडाचा तुकडा फाडला की पहिला पट नष्ट होतो आणि उरलेला ‘खंडपट’ हे नवे द्रव्य होते. हा सिद्धान्त काटेकोरपणे लावला तर पोलादी पत्र्याला पडलेल्या प्रत्येक छिद्राबरोबर जुने जहाज संपून नवे जहाज सुरू होते, आणि गोदीत उभे असतानाच टायटॅनिक असंख्य वेळा मेलेले व जन्मलेले असते. उलट, ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देऊन दाखवतो की चाक रथ नाही, आस रथ नाही, जू रथ नाही, सगळ्यांचा ढीगही रथ नाही. त्यांच्या आधाराने ‘रथ’ हे केवळ नाव चालते. स्प्रूला लगडलेले क्रमांकित भाग पाहणाऱ्याला नागसेनाचा पक्ष लगेच पटतो, आणि शेवटचे धुराडे बसवून झाल्यावर त्याच माणसाला नैयायिकाचा पक्ष तितकाच पटतो. दोन्ही पक्षांना आपापल्या मार्गाने या अडचणीतून वाट काढता येते. प्रतिकृतिकाराला मात्र ती मोकळीक नाही, कारण त्याच्या हातात ड्रिल आहे आणि छिद्रांची संख्या एकच असू शकते. त्याला एक दिवस निवडावा लागतो. मूळ जहाज काळात पसरलेले होते, प्रतिकृती एका तारखेची असते, आणि तारीख न ठरवता केलेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी जे जहाज कधी अस्तित्वातच नव्हते त्याचीच ठरते.

निवडलेल्या दिवसाचे जहाज कळते कसे, हा ज्ञानमीमांसेचा भाग आहे. टायटॅनिकची छायाचित्रे तुलनेने थोडी. त्याचे थोरले भावंड ऑलिंपिक मात्र १९३५ पर्यंत समुद्रावर होते आणि त्याची छायाचित्रे विपुल आहेत, इतकी की टायटॅनिकची म्हणून पुस्तकांत छापली जाणारी अनेक चित्रे वस्तुतः ऑलिंपिकची असतात. मीमांसकांनी ‘उपमान’ हे स्वतंत्र प्रमाण मानताना नेमकी अशीच परिस्थिती कल्पिली होती: रानात ‘गवय’ नावाचा प्राणी दिसतो आणि तो पाहता पाहता, घरी राहिलेली, डोळ्यांसमोर नसलेली आपली गाय याच्यासारखी आहे, असे ज्ञान होते. ऑलिंपिक हा समोरचा गवय, टायटॅनिक ही समोर नसलेली गाय. मात्र उपमानाने साम्य कळते, भेद कळत नाही, आणि प्रतिकृतिकाराचे सारे कसब भेदात असते. भेदासाठी कुमारिलभट्टांच्या परंपरेतले ‘अनुपलब्धी’ हे प्रमाण उपयोगी पडते: जे दिसायला हवे होते ते दिसत नाही, यावरून त्याच्या अभावाचे ज्ञान होणे. सप्टेंबर १९८५ मध्ये सुमारे ३,८०० मीटर खोलीवर भग्नावशेष सापडल्यानंतर असा पुरावा वाढला, तरी त्यातही मेख आहे. तळाशी एखादी वस्तू दिसत नाही ती मुळात नव्हती म्हणून, की त्या रात्री तुटून गेली म्हणून, हे अनुपलब्धी स्वतःहून ठरवू शकत नाही. दिसण्याची योग्यता असेल तेथेच न दिसणे हा पुरावा ठरतो, ही अट मीमांसकांनी घातली होती, आणि समुद्राच्या तळाइतकी ती अट कसाला लावणारी जागा क्वचितच सापडेल.

येथवरची चर्चा दिसण्याविषयीची होती. धर्मशास्त्रात प्रतिकृतीचा एक प्रकार असा आहे ज्याला दिसण्याशी कर्तव्यच नाही. श्राद्धाला ब्राह्मण न मिळाल्यास त्याच्या जागी दर्भाचा ‘चट’ मांडतात, आणि त्यात माणसाचा चेहरा कोणी शोधत नाही. याहून विलक्षण आहे तो पालाशविधी: परदेशी किंवा पाण्यात मेलेल्याचा देह हाती लागला नाही, तर पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याचे दहन करावे, आणि डोके, मान, छाती, हात, पाय यांसाठी किती देठ घ्यायचे हे ठरलेले असावे, असा हा विधी आहे. या पुतळ्याचे मृताशी असलेले नाते संख्येचे आहे. देठ कमी पडले तर पुतळा खोटा, नाक बसके झाले तर काही बिघडत नाही. प्रतिकृतीचे इमान रूपाऐवजी मोजणीवरही उभे राहू शकते, ही कल्पना आधुनिक मनाला परकी वाटते, पण देहच नाही अशा मृत्यूला सामोरे जाताना तिचे बळ कळते. टायटॅनिकवरच्या सुमारे पंधराशे मृतांपैकी जेमतेम सव्वातीनशे-साडेतीनशे देह हाती लागले.

डेन्मार्कच्या अनेक चर्चमध्ये छताला टांगलेली जहाजांची नवसाची प्रतिरूपे आढळतात आणि त्यांत डोलकाठ्या व तोफा प्रमाणाबाहेर मोठ्या असल्या तरी भाविकांना त्यात वावगे वाटत नाही. तीही एका अर्थी पळसाच्या पुतळ्याच्याच जातीची. प्लास्टिकचे टायटॅनिक पहिल्या जातीचे, रूपाचे, म्हणून सुरू होते, पण वर पाहिल्याप्रमाणे रूप जागोजागी हातातून निसटते. कठड्याची जाडी चुकते, रंगाचा थर चुकतो, वजनाला अर्थ राहत नाही. न चुकता राखता येते ती संख्या. सोळा गवाक्षे सोळाच असतात, मग त्यांचा व्यास किंचित जास्त का असेना. चार धुराडी चारच असतात, जरी त्यांतले चौथे बॉयलरच्या धुरासाठी नसून मुख्यतः हवा खेळवण्यासाठी होते.

आणि वीस होड्या वीसच असतात. चौदा मोठ्या, दोन छोट्या तातडीच्या, चार घडीच्या. सर्वांची मिळून क्षमता १,१७८ माणसांची, आणि जहाजावर सुमारे २,२०० माणसे. हे आकडे वाचणे वेगळे आणि पंधरवडाभर रोज संध्याकाळी चिमट्यात एकेक होडी धरून तिचा तळ पांढरा करणे, तिला दोऱ्या लावणे, हे वेगळे. विसावी होडी रंगवून झाली की खोक्यात आणखी होडी नसते. यात प्रायश्चित्त आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि खेळणे म्हणून ते हसण्यावारी नेणेही उथळपणाचे होईल. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्यास जहाज तेच राहते का, या जुन्या ग्रीक कोड्यात थॉमस हॉब्सने भर घातली ती अशी, की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचेच जहाज जोडले, तर खरे जहाज कोणते मानायचे. टायटॅनिकच्या बाबतीत कोड्याला निराळे वळण मिळाले, कारण बचावासाठी आलेल्या कार्पेथिया जहाजाने टायटॅनिकच्या तेरा होड्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आणून उतरवल्या, आणि मुक्कामी पोहोचलेले टायटॅनिक तेवढेच.

होड्या बसवताना पुन्हा तारीख विचारावीच लागते. विषम क्रमांकांच्या उजव्या बाजूला, सम क्रमांकांच्या डाव्या बाजूला, हे कोणत्याही दिवशी तसेच. पण तातडीच्या दोन होड्या, क्रमांक एक आणि दोन, जहाज समुद्रावर असताना कोणी पाण्यात पडल्यास पटकन सोडता याव्यात म्हणून कायम बाहेर झुकवून ठेवलेल्या असत. ज्याने एप्रिल १९१२ मधला समुद्रावरचा दिवस निवडला आहे, त्याला या दोन होड्यांचे आकडे, म्हणजे त्यांना धरणारे वाकडे लोखंडी बाहू, बाहेरच्या बाजूला वळवून चिकटवावे लागतात. क्रमांक एकची होडी चाळीस माणसांची होती आणि त्या रात्री ती बारा माणसे घेऊन खाली उतरली. प्रतिकृतीत ती दोन-अडीच सेंटिमीटरची असते, रिकामी, डेकच्या कडेबाहेर लटकलेली.