जंतू आणि जबाबदारी

गोठ्यातील म्हैस अकाली गाभडली म्हणजे घरात प्रथम कोणाची तरी दृष्ट लागल्याची कुजबूज होते. मग पशुवैद्य येतो, रक्त तपासवितो आणि ब्रुसेला नावाच्या जंतूचे नाव सांगून जातो. दृष्टीच्या जागी जंतू आला ही ज्ञानाची प्रगती होय, यात शंका नाही. तथापि, या प्रगतीत एक गोष्ट होती तशीच राहते. दोन्ही उत्तरे ऐकून घरधन्याच्या जिवाला सारखाच दिलासा मिळतो: जे झाले ते दुसऱ्याच कोणी केले, आपले त्यात काही नाही. हा दिलासा कितपत रास्त आहे, असा विचार माझ्या मनात अलीकडे वारंवार येतो. आणि त्याला निमित्त झाली ती आपल्या किनाऱ्यावर कधीही न दिसणाऱ्या एका प्राण्याची हकीकत.

हा प्राणी म्हणजे सील. आपल्याकडे त्याला 'सील मासा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण तो मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, मादी पिलाला अंगावर पाजते आणि बहुधा वर्षाला एकच पिलू देते. एवढ्या काटकसरीने ज्याचा वंश चालतो, त्याच्या गर्भावर आलेले संकट साऱ्या कळपाला जाणवावे हे उघड आहे. म्हणूनच १९९४ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सीलांत ब्रुसेला आढळला, तेव्हा गुरांना गाभडविणारा हा शत्रू समुद्रातही पोहोचला की काय, अशी भीती शास्त्रज्ञांस वाटली. समुद्रातील हा जंतू गुरांतील जंतूहून निराळा ठरला, आणि २००७ साली सीलांतील प्रकारास ब्रुसेला पिनिपीडियालिस हे नाव मिळाले. पुढे झाले ते मात्र विचार करावयास लावणारे आहे. उत्तर अटलांटिकमधील हूडेड सीलांत या जंतूचा संसर्ग मोठ्या प्रमाणात सापडला. पण त्यामुळे ते आजारी पडतात किंवा त्यांचे गर्भ पडतात, असे दाखविता आले नाही. जंतू आहे आणि रोग नाही! माल्टा बेटावरील शेळ्यांची गोष्ट याच जातीची. त्या दिसावयास धडधाकट होत्या, आणि त्यांच्याच दुधातून माणसांना ताप येत होता, हे १९०५ साली कळले. सारांश, जंतूचे घरात असणे आणि जंतूने घर जाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अलास्काच्या पश्चिमेस बेरिंग समुद्रात सेंट पॉल नावाचे बेट आहे. तेथे लोकरी सीलांच्या माद्या दर उन्हाळ्यात विण्यासाठी येतात. त्यांची संख्या दीर्घकाळ घटत चालली आहे, आणि या घटीचे पुरते कारण अद्याप हाती आलेले नाही. २०१० साली तेथे १४६ प्रसूतींनंतर पडलेली वार गोळा करून तपासण्यात आली. त्यांपैकी १०९ ठिकाणी कॉक्सिएला नावाच्या जंतूचा माग लागला. शेळ्यामेंढ्यांत गर्भपात घडवून आणणारा म्हणून हा जंतू कुप्रसिद्ध आहे. चारांत तीन हे प्रमाण ऐकून कोणाचाही हात आरोपपत्राकडे वळेल. पण घटीचा कर्ता हाच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि तपास करणाऱ्यांनी तसा दावा केला नाही, ही त्यांची सचोटी होय.

याच बेटाची दुसरीही एक नोंद आहे, आणि ती वाचावयास सूक्ष्मदर्शक लागत नाही. १९५६ ते १९६८ या काळात अमेरिकन सरकारच्या योजनेनुसार प्रिबिलॉफ बेटांवर सुमारे तीन लाख माद्या मारण्यात आल्या. हेतू विचाराल तर तो कळपाच्या प्रजननासंबंधीच होता! माद्या थोड्या झाल्या म्हणजे उरलेल्यांना अन्न अधिक मिळेल, त्या अधिक प्रमाणात गाभण राहतील, पिले अधिक जगतील आणि कातड्यांचे उत्पन्न वाढेल, असे ते गणित होते. गणित चुकले. कळप अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. सेंट पॉलवरील कातड्यांचा व्यापारी संहार १९८४ साली बंद झाला, आणि १९८८ साली हा कळप क्षीण झाल्याचे सरकारनेच जाहीर केले. आजची घट त्या जुन्या हत्येचेच फळ आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे जंतूवर घाईने आळ घेण्याइतकेच उतावीळपणाचे होईल. माझे म्हणणे इतकेच की, वारेत जंतू सापडल्याची वार्ता आपण ज्या उत्सुकतेने ऐकतो, त्या उत्सुकतेत थोडी सुटकेची भावना मिसळलेली असते.

ही भावना किती खोल असते, हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सॅन मिगेल बेटावर दिसून आले. तेथे १९६८ च्या सुमारास समुद्रसिंहांच्या, म्हणजे सीलांच्याच एका भाऊबंदांच्या, माद्या महिनेच्या महिने अगोदर विऊ लागल्या. पिले जगत नसत. शोध सुरू झाला, तो एक नव्हे, तीन आरोपी सापडले. एक लेप्टोस्पायरा हा जंतू. २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांस त्याची निराळी ओळख करून देण्याची गरज नाही. दुसरा एक विषाणू, जो १९७२ साली तेथेच प्रथम हाती लागला. तिसरे डीडीटी. लॉस एंजेलिसजवळच्या एका कारखान्यातून ते गटारांच्या वाटे वर्षानुवर्षे समुद्रात जात होते, आणि अकाली विणाऱ्या माद्यांच्या चरबीत ते पूर्ण दिवसांनी विणाऱ्यांपेक्षा पुष्कळच अधिक निघाले. तिघांचा वाटा वेगळा काढणे शक्य झाले नाही. विषाने दुबळ्या झालेल्या देहात जंतूने शिरकाव केला असेल, किंवा जंतूने आधीच गर्भ सैल केला असेल.

आपल्या नैयायिकांनी कारणांचा विचार करताना घटाचे उदाहरण घेतले आहे. माती, चाक, दंड, कुंभार ही घटाची कारणे. पण माती वाहून आणणारे गाढव? ते घटापूर्वी हजर होते खरे, पण त्याच्यावाचून अडले नसते. म्हणून ते अन्यथासिद्ध, कारणांच्या पंक्तीत त्याला पान नाही. सॅन मिगेलचा वाद चालू असता कारखान्याच्या बाजूने कोणी विचार करू लागला, तर त्याची सारी धडपड हे गाढवाचे पद मिळविण्यासाठीच होणार. जंतू निसर्गाचा, रोग निसर्गाचा. आमचे विष केवळ तेथे होते, इतकेच! माणसाने गाढव म्हणवून घेण्यास इतके उत्सुक असावे, असे प्रसंग विरळाच.

परंतु जबाबदारीचा प्रश्न आणि कारणाचा प्रश्न हे एकच आहेत, असे मानण्यातच मूळ चूक आहे. समजा, उद्या सिद्ध झाले की शंभरांपैकी नव्वद गर्भ लेप्टोस्पायराने पाडले. तरीही उरलेल्या दहांचा जाब द्यावयास जंतू येणार नाही. आणि नव्वदांचाही येणार नाही. त्याला निराळे वागण्याची मुभा नव्हती. तिघा आरोपींत ज्याला ती मुभा होती असा एकच होता. वाटा लहान ठरला म्हणून त्याचे उत्तरदायित्व त्याच प्रमाणात घटत नाही. मोठा ठरला असता तरी जंतू निर्दोषच राहिला असता.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. ज्या डीडीटीने समुद्रसिंहांची पिले मेली असतील, त्याच डीडीटीने हिवतापाच्या डासांचा संहार करून आपल्या देशातील असंख्य बालके वाचविली. त्याचा गुण शोधणाऱ्या म्युलर यांस १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे. मानवी बालक आणि समुद्रसिंहाचे पिलू यांतून एकच निवडा, असे मला कोणी दरडावले, तर मी बालकाकडे धाव घेईन. पण सॅन मिगेलला अशी निवड कोणी करावयाची नव्हती. गटारात सोडलेल्या डीडीटीने एकही डास मारला नाही. ते बालकांसाठी सांडलेले नव्हते. ते सांडणे स्वस्त पडत होते, म्हणून सांडले.

अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या वापरावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी समुद्री सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदाही केला. त्यानंतर तेथील समुद्रसिंह १९७५ मधील सुमारे ८९ हजारांवरून २०१४ पर्यंत अडीच लाखांपलीकडे गेले. लेप्टोस्पायराला कोणी हद्दपार केले नव्हते. त्याच्या साथी काही वर्षांच्या अंतराने त्या किनाऱ्यावर येतच राहिल्या. पण ही कथा इतक्यावर संपली असे समजू नये. याच प्राण्यांत जननेंद्रियांचा कर्करोग असाधारण प्रमाणात आढळतो. त्याच्या मुळाशी नागीण कुळातील एक विषाणू आहे, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार रोग झालेल्यांच्या चरबीत डीडीटी व तत्सम द्रव्यांचा साठा इतरांहून अधिक असतो. समुद्रतळावर बसलेले ते जुने विष माशांत उतरते, माशांतून मादीच्या चरबीत जाते आणि दुधावाटे पिलाच्या पहिल्या घोटात येते.