नुसता आळशी म्हणू नका
आपल्या शहरातल्या औरंगपुरा भागातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेसाठी गावाकडून आलेली कितीतरी मुलं बसतात. त्यातल्या एखाद्याला गांजाची सवय लागली, तर घरच्यांना पटकन कळतही नाही. अर्जाची शेवटची तारीख उलटून जाते. गावाहून एसटीनं आलेला डबा संध्याकाळपर्यंत उघडलेला नसतो. वडिलांचा फोन वाजतो आणि पोरगा ‘नंतर करतो’ म्हणत तो पालथा ठेवतो. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. हा मला फार मोठा अन्याय वाटतो.

गांजातलं टीएचसी हे द्रव्य मेंदूत उमेद आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांवर परिणाम करतं. रोज ओढणाऱ्याचं लक्ष टिकत नाही, वाचलेलं राहत नाही. यात आधीपासूनच्या उदासीचा वाटा किती आणि गांजाचा किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. पण सोडल्यावर पुष्कळसं सावरतं. पहिला आठवडा जड जातो. झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, सोबत राहा.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथे व्यसनाकडे आजार म्हणूनच पाहतात. आपल्या शहरातल्या घाटी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. आजच लावा.