कारभाराचा हिशेब

सामान्य काळातील पंचविसावा रविवार (वर्ष क)



आजच्या शुभवर्तमानात एका कारभाऱ्याची गोष्ट आहे (लूक १६:१-१३). धनी त्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो आणि कारभारी घाबरतो, कारण हिशेब दाखवण्यासारखा राहिलेला नसतो. पहिल्या वाचनात आमोस संदेष्टा त्याहून स्पष्ट बोलतो. माप लहान करणारे, तराजूत खोट ठेवणारे, गरिबाला जोड्याच्या किमतीत विकत घेणारे व्यापारी त्याच्या डोळ्यांसमोर होते. शब्बाथ केव्हा संपतो आणि दुकान केव्हा उघडतो, अशी त्यांना घाई झालेली असे. म्हणजे ही माणसे शब्बाथ पाळत होती, हेही आपण ध्यानात घ्यावे.

ही वाचने दर तीन वर्षांनी याच रविवारी येतात. २०१९ साली हा रविवार २२ सप्टेंबरला होता. दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे सर्वांना माहीत असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. मंगळवारी शाखांसमोर गर्दी उसळली. खात्यात कितीही रक्कम असो, सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, असे ठेवीदारांना सांगण्यात आले. देवाने आदल्या रविवारी मुद्दाम इशारा दिला होता असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे त्या लोकांच्या दुःखाची थट्टा होईल. पण तेव्हापासून हे शुभवर्तमान वाचताना त्या रांगा आमच्या डोळ्यांसमोर येतात, हे मात्र खरे.

काय घडले होते ते थोडक्यात सांगतो. बँकेने सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिले होते. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के रक्कम एकाच घरात! ते कर्ज फेडले जात नव्हते. ते लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक खोटी कर्जखाती कागदोपत्री दाखवण्यात आली. अहवालात थकीत कर्जाचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास दिसत होते, लेखापरीक्षण होत होते, सगळे कसे व्यवस्थित. नऊ लाखांहून अधिक ठेवीदार त्या अहवालावर विश्वास ठेवून निश्चिंत होते.

मग लोक रस्त्यावर आले. रिझर्व्ह बँकेसमोर, किल्ला कोर्टाबाहेर त्यांनी घोषणा दिल्या. त्या दिवसांत काही ठेवीदारांचे मृत्यूही झाले आणि त्यांच्या घरच्यांनी त्याचे कारण हा ताणच असल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०१९ मध्ये बँकेच्या वरिष्ठांना आणि त्या उद्योगसमूहाच्या चालकांना अटक झाली, डिसेंबरमध्ये हजारो पानांचे आरोपपत्र दाखल झाले. पुढे काहींना जामीन मिळाला. आणि लोक म्हणू लागले: त्यांना जामीन मिळतो, आम्हांला आमचेच पैसे मिळत नाहीत.

असा राग मनात धरणे पाप आहे का? पापनिवेदनाला येणारी माणसे आम्हांला हे विचारतात. कोणी सांगते, फादर, मी त्या माणसांना रोज शिव्याशाप देते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचे एक मत आम्ही पाठ केले होते, परीक्षेसाठी. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी रागावणारा माणूस स्तुतीला पात्र असतो, असे तो मानतो. जिथे रागावायला हवे तिथेही जो रागावत नाही त्याला तो मूर्खात काढतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही हा विचार स्वीकारला. अन्याय दिसत असताना थंड राहणे हा त्यांच्या मते दोष आहे. म्हणून त्या भगिनींना आम्ही सांगतो की तुमचा राग हे पाप नाही. शाप देणे मात्र सोडा, कारण त्याने त्या माणसांचे काही बिघडत नाही आणि तुमची झोप जाते.

शिवाय त्या रागाने काही काम केले, हे नमूद केले पाहिजे. १९९३ पासून ठेवींवरील विमा फक्त एक लाख रुपयांचा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. रस्त्यावर उभे राहिलेल्या त्या म्हाताऱ्या माणसांचे ऋण आज प्रत्येक ठेवीदारावर आहे.

परंतु ज्यांची ठेव मोठी होती त्यांचे काय? २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून देण्याचे ठरले, त्यावरची रक्कम हप्त्याहप्त्याने, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. सत्तरीतल्या माणसाला २०३२ साल दाखवणे म्हणजे काय ते सांगायला नको. गृहनिर्माण सोसायट्या, पतसंस्था अशा संस्थांच्या विम्याबाहेरील ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे तर शेअर्स करण्यात आले. इमारतीच्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांचे शेअर घेऊन सोसायटीने गळके छप्पर कसे झाकावे?

म्हणूनच, दोषींना तुरुंगात टाका, एवढीच मागणी आम्हांला अपुरी वाटते. न्यायालय शिक्षा करील तेव्हा करील. ख्रिस्तसभा याबाबतीत फार पूर्वीपासून कडक आहे. घेतलेले परत करणे शक्य असूनही जो परत करीत नाही, त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे, अशी संत अगस्तीन यांची शिकवण आहे. सातव्या आज्ञेविषयी शिकवताना कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही हेच सांगतो: जे लुबाडले ते मालकाला परत गेले पाहिजे. जक्कयाचेच पाहा. प्रभू घरी आला म्हणून तो आनंदला, पण तेवढ्यावर थांबला नाही. अर्धी संपत्ती गरिबांना देईन आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करीन, असे तो उभा राहून म्हणाला. त्या घराला तारण मिळाल्याचे प्रभूने त्यानंतर जाहीर केले. आधी नाही.

आता पुन्हा कारभाऱ्याकडे येऊ. येशूने लबाड माणसाची स्तुती का केली, असे प्रत्येक वेळी कोणीतरी विचारते. धन्याने त्याच्या हुशारीची वाखाणणी केली, लबाडीची नाही, एवढे उत्तर आज पुरे. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्याच एका बारीक गोष्टीकडे. कारभारी कर्जदारांना एकेक करून बोलावतो. शंभर मापे तेल असेल तर पन्नास लिही, शंभर मापे गहू असेल तर ऐंशी लिही, असे सांगतो. म्हणजे खोटा कागद कारभारी लिहीत नाही. तो कर्जदार स्वतःच्या हाताने लिहितात! आणि गोष्टीत पुढे त्यांचे नावही निघत नाही. त्यांना कोणी हिशेब विचारला नाही.

एकवीस हजार खोटी खाती एक माणूस एका रात्रीत लिहू शकत नाही. कोणी फॉर्म भरला, कोणी नोंद केली, कोणी पान उलटून सही केली. साहेबांनी सांगितले, आपण नोकर माणसे, असे म्हटले गेले असेल. घरी लहान मुले, घराचा हप्ता; आम्ही त्यांना सहज दगड मारणार नाही. पण मोठे सुटतात ते याच वाटेने. जबाबदारी इतक्या हातांत वाटली जाते की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते आणि चिमटीतली माती कोणीही झटकून टाकतो. त्याच वेळच्या बातम्यांत असेही आले होते की बँकेच्या कर्जविभागातील काही महिला कर्मचाऱ्यांनीच रिझर्व्ह बँकेला आतली हकीकत सांगितली. त्यांची छायाचित्रे छापून आली नाहीत, सत्कारही झाले नाहीत. आम्हांला त्या स्त्रिया आजच्या शुभवर्तमानातील न सांगितलेल्या कर्जदारासारख्या वाटतात, ज्याने पन्नास लिहायला नकार दिला असता.

हे सर्व मुंबईच्या एका बँकेविषयी बोलणे सोपे आहे. गेल्या वर्षी आपल्या चर्चच्या सणानंतर एक मावशी आम्हांला भेटायला आल्या. एका पतसंस्थेत त्यांची ठेव अडकली आहे. नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे, नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेले. त्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “फादर, त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याला तुम्ही सणाला पहिल्या बाकावर बसवलं, फूल दिलं. मी मागे खांबाआड बसले होते. मला तिथून वेदी दिसत नाही.”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. चौकशी चालू आहे, दोष सिद्ध झालेला नाही, देणगीदारांना बोलावण्याची प्रथा जुनी आहे. यातला शब्दही खोटा नव्हता. कोण दोषी हे ठरवणे आमचे कामही नाही. पण त्या गेल्यावर संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला आणि लाज वाटली. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला कोपरा देणाऱ्यांना तो काय म्हणतो ते आपण घरी वाचावे. लोक म्हणतात मोठी माणसे सुटतात. त्यांना सोडवणाऱ्यांत फूल देणारे आमचे हातही होते.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. पतसंस्थांच्या वार्षिक सभेला आपण जातो, भेटवस्तूची पिशवी आणि नाश्ता घेतो, अहवाल मंजूर म्हणून हात वर करतो आणि निघतो, अशी तक्रार आम्ही अनेकदा व्यासपीठावरून केली आहे. ठेवीदारांनी प्रश्न विचारले पाहिजेत, असे इतरांना सांगितले आहे. (फसवणूक झाली तर दोष विश्वास ठेवणाऱ्याचा नसतो, फसवणाऱ्याचाच असतो, हे कोणी उलटे समजू नये.) पण ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या १२८७व्या कलमानुसार भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा असतो, आणि आपल्या धर्मग्रामाचा हिशेब गेली दोन वर्षे आम्ही फलकावर लावलेला नाही. वित्त समितीने तो तपासला होता, वरिष्ठांकडे पाठवलाही होता. तुम्हांला दाखवायचा राहिला. कोणी विचारले नाही आणि आम्हांला ते सोयीचे झाले.

पुढच्या रविवारी दोन्ही मिस्सांनंतर दोन्ही वर्षांचा जमाखर्च हॉलमध्ये मांडला जाईल. सणाचा खर्च, छप्पर दुरुस्तीचा निधी, गरिबांच्या पेटीतील रक्कम आणि ती कोणत्या कामी गेली, हे सर्व त्यात आहे. ज्यांना मदत मिळाली त्यांची नावे मात्र वाचली जाणार नाहीत. वित्त समितीचे सभासद आणि आम्ही टेबलापाशी बसू. ज्यांना बिले पाहायची असतील त्यांनी मागून घ्यावीत, संकोच करू नये. चहा ठेवणार नाही.

आणि यंदाच्या सणाला पहिला बाक कोणासाठीही राखलेला नसेल. जो आधी येईल तो बसेल. मावशींना तसा निरोप आम्ही पाठवला आहे. त्या येतात की नाही, पाहू.

आपले,
प्रमुख धर्मगुरू