अन्याय कुठल्या सालापासून मोजायचा?

हंगेरियन लोक स्वतःला मज्यार म्हणवतात. त्यांच्या भाषेची जवळची भावंडं उरल पर्वतापलीकडे, ओब नदीच्या खोऱ्यातले खांती आणि मान्सी लोक बोलतात. एकोणिसाव्या शतकात पंडितांनी हे दाखवलं, तेव्हा पुष्कळांना ते रुचलं नाही. मासेमाऱ्यांशी कसलं नातं? तुर्की घोडेस्वार पूर्वज म्हणून जास्त शोभत होते. मुलीसाठी स्थळ पाहावं तसे माणसं पूर्वजही पारखून घेतात, दुसरं काय!

सालंही तशीच पारखून घेतात. 1920 च्या त्रियानोंच्या तहात हंगेरीचा दोनतृतीयांश मुलूख गेला. तीस लाखांवर मज्यार रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हियात अल्पसंख्य झाले. घर तेच, सरकार दुसरं. बेळगावकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2010 साली ओर्बान सरकारनं तहाचा 4 जून हा राष्ट्रीय ऐक्याचा दिवस ठरवला, सीमेपलीकडच्या मज्यारांना नागरिकत्व सोपं केलं. पुढं त्यांची टपाली मतं बहुतेक सगळी ओर्बानांनाच पडली. दुःख खरं होतं, म्हणूनच ते मतपेटीत चाललं.

पण 1920 च्या आधी 1907 येतं. त्या सालच्या कायद्यानं स्लोवाक, रुमानियन पोरांना चौथी संपेपर्यंत मज्यार भाषा आलीच पाहिजे, असं ठरलं. त्यातलंच एखादं स्लोवाक पोर तहानंतर मास्तर झालं असेल, आणि त्याच्यासमोर मज्यार पोरं बसली असतील. त्यानं पहिल्या दिवशी कुठल्या भाषेत हजेरी घ्यायची?