ठेव आणि गुंतवणूक

मराठीत पैशासाठी दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. पैसे 'ठेवले' म्हणजे ते दूर असले तरी जागेवर आहेत, हात घालू तेव्हा सापडतील, असा भाव. पैसे 'गुंतवले' म्हणजे ते कशात तरी अडकले, आणि त्यांच्याबरोबर मनही अडकले. नोकरी संपली तेव्हा सारी देणी भागवून पाच लाख रुपये माझ्या हाती उरले. त्यांच्यासाठी या दोहोंतला कोणता शब्द योग्य, हे ठरवण्यात माझे तीन महिने गेले. रक्कम मोठी नव्हे. पण म्हणूनच प्रश्न मोठा. श्रीमंताची एक निवड फसली तर त्याच्याजवळ दुसरी असते, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला निवडायचेच नसते. थोडेसे जवळ असणाऱ्याला मात्र एकदाच निवडता येते.

आमच्या माकुणसारला सल्ल्याची टंचाई नाही. अलीकडच्या वर्षांत बुलेट ट्रेनसाठी आणि मालगाड्यांच्या स्वतंत्र लोहमार्गासाठी पालघर जिल्ह्यातल्या जमिनी गेल्या, पुष्कळ घरांत एकरकमी पैसा आला, आणि त्यामागोमाग सल्लेही आले. कोणी सोने घ्या म्हणाले, कोणी सफाळ्याला जागा घ्या म्हणाले, कोणी म्युच्युअल फंडाचे तक्ते पुढे ठेवले. मी ऐकत गेलो, तसे ध्यानात आले की प्रत्येक जण मला स्वतःचे भय सांगत आहे. ज्याला चोराचे भय तो बँक सांगतो, ज्याला बँकेचे भय तो जमीन सांगतो, आणि ज्याला भाऊबंदांचे भय तो जमीन सोडून काहीही सांगतो.

मग निर्भय जागा कोणती? १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. ते होते माणशी, बँकेगणिक दीड हजार रुपये. २०२० मध्ये ही मर्यादा पाच लाख झाली. १९६४ साली युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना निघाली आणि मध्यमवर्गाने ती जवळजवळ सरकारी तिजोरीच मानली. २००१ च्या जुलैत तिच्या युनिटांची खरेदी-विक्री थांबवण्यात आली, तेव्हा अनेक निवृत्तांचे डोळे उघडले. यावरून सारेच लबाड, असा अर्थ मी काढत नाही. अर्थ एवढाच, की सुरक्षितता ही लोखंडी पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. ती माणसांनी माणसांना दिलेली हमी आहे, आणि हमी तेवढीच टिकते जेवढी ती पाळणारी माणसे टिकतात.

बरे, वाढीचे काय? हिशेब करून पाहिला. सात टक्क्यांनी पैसा दहाएक वर्षांत दुप्पट होतो. पण महागाई पाच टक्क्यांनी चालली, तर खऱ्या अर्थाने दुप्पट व्हायला छत्तीसहून अधिक वर्षे लागतात. माझे वय ६३ आहे. म्हणजे ज्या म्हाताऱ्यासाठी मी ही वाढ योजतो आहे तो भेटण्याचा संभव नाही. शिवाय पाच लाखांवर एक टक्का अधिक म्हणजे वर्षाला पाच हजार. एवढ्यासाठी मी रात्रीची झोप गहाण ठेवत होतो! तेव्हा उमगले की मला वाढ नकोच होती. आजारपणात मुलांपुढे हात पसरावा लागू नये, एवढीच माझी मागणी होती. आणि ती पुरी करायला हुशारी लागत नाही.

प्रश्न इथे मिटायला हवा होता. पण नेमका त्याच सुमारास भाचा दोन लाख मागायला आला. त्याची पानवेलीची आणि भाजीची वाडी आहे. विहिरीचे पाणी मचूळ होत चालले होते. लांबच्या गोड्या विहिरीवरून पाइप आणून ठिबक सिंचन करायचे होते. व्याज द्यायला तो तयार होता. मला मात्र ते घ्यायची लाज वाटली, आणि त्या लाजेने मला विचारात पाडले.

बँकेकडून मी व्याज निःसंकोच घेतो. पण ते आकाशातून पडत नाही. कोणीतरी तेच पैसे कर्जाऊ घेतो, राबतो, आणि माझा वाटा चुकता करतो. कदाचित त्याचीही विहीर मचूळ झालेली असते. त्याने हप्ता चुकवला तर त्याच्या दारात बँकेचा माणूस जातो, मी जात नाही. मग माझ्या वतीने कठोर होण्याचे काम मी बँकेला दिले आहे, असे म्हणायला नको का? ख्रिस्ताच्या एका दृष्टान्तात धनी आपल्या चाकरांपाशी पैसे सोपवून जातो, आणि ज्याने ते भीतीपोटी पुरून ठेवले त्याला दोष देतो. पुरलेला पैसा कोणालाच राबवत नाही हे खरे. पण कोणाच्या उपयोगीही पडत नाही.

तरी दुसरी बाजू नाकारता येत नाही. बँकेच्या परकेपणात एक दयाही आहे. कर्जदाराला माझ्यासमोर मान खाली घालावी लागत नाही, आणि एकाच्या बुडण्याने एकच घर बुडत नाही. नात्यातले कर्ज फेडता आले नाही तर माणूस लग्नाकार्यात तोंड चुकवतो. पैसे जातात ते जातात, माणूसही जातो.

या गुंत्यातून वाट काढली ती पत्नीने. ती म्हणाली, "अहो, पैसे परत नाही आले तरी दिवाळीला त्याच्याकडे फराळाला हसत जाल, अशी रक्कम किती?" मी बराच वेळ विचार केला आणि म्हणालो, "एक लाख." ती म्हणाली, "मग तेवढेच द्या, आणि व्याज घेऊ नका. बाकीच्यासाठी त्याला बँकेत जाऊ दे."

तसेच केले. तीन लाख टपाल कचेरीत ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत घातले, तेव्हाच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६,१५० रुपये येतात. एक लाख आजारपणासाठी बँकेत हाताशी ठेवला. एक लाख वाडीत गेला. पहिल्या चार लाखांना मी ठेव म्हणतो. गुंतवणूक म्हणावी अशी ती शेवटचीच, कारण मी गुंतलो आहे तो तिथेच. उन्हाळा लागला की त्या पाण्याची चव कशी आहे, हे मी विचारून घेतो.

हे औदार्य नव्हे. चार लाख सुखरूप ठेवून मग एक लाख जोखमीत घालणाऱ्याला उदार कोण म्हणेल? पण आमच्याकडे खाजणाचा बांध घालतात, तो अवघा समुद्र अडवायला नव्हे. आपल्या शेतात खारे पाणी शिरू नये एवढ्यापुरता. त्या बांधावर घातलेल्या मातीला कोणी व्याज विचारीत नाही. आणि शेजाऱ्याच्या बाजूने तो फुटला, तर आपली बाजू कितीही पक्की असून उपयोग नसतो.