झाडांमधील अंतर

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमांना लागून आक्रे हे राज्य आहे. क्षेत्रफळ सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. वस्ती मात्र २०२२च्या जनगणनेनुसार जेमतेम आठ लाख तीस हजारांची. उरलेले बहुतेक सारे वर्षावन, आणि त्यातून वळणे घेत ॲमेझॉनकडे निघालेल्या जुरुआ, पुरुस या नद्या.

या अरण्यात रबराची झाडे एकमेकांपासून दूर उभी असतात. त्यामुळे एकाची पाने करपवणारी बुरशी दुसऱ्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. १८७६मध्ये हेन्री विकहॅम यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून रबराच्या बिया इंग्लंडला नेल्या. त्या वंशाचे मळे आशियात फोफावले, कारण बुरशी समुद्रापलीकडेच राहिली. केरळातल्या रबराचे मूळही तेच. ब्राझीलमध्ये मात्र हेन्री फोर्ड यांनी रबराची दाट लागवड केली, आणि बुरशीने ती फस्त केली.

झाडांना तारणाऱ्या या अंतराने माणसांना मात्र जखडून टाकले. १८७७च्या भीषण दुष्काळानंतर ईशान्य ब्राझीलमधली माणसे चीक काढायला या रानात आली. पहाटे पायवाटेने निघून झाडामागून झाड चिरायचे, चीक धुरावर घट्ट करायचा आणि रानाच्या मालकाला द्यायचा. मीठ त्याच्याच दुकानातून उधारीवर, हिशेबाची वहीही त्याचीच. शेजारी लांब, शाळा नाही. उधारी फिटणार कशी? १९०३च्या पेत्रोपोलिस तहाने आक्रे बोलिव्हियाकडून ब्राझीलला मिळाले, पण चीक काढणाऱ्यांच्या नावावर जमीन चढली नाही.

१९७०च्या दशकात रस्त्यांमागोमाग गुरांच्या कुरणांसाठी जंगलतोड आली. तेव्हा ही विखुरलेली माणसे संघटित झाली आणि बायकामुलांसह करवतींपुढे उभी राहिली. आक्रेतल्या शापुरीचे चिको मेंडेस त्यांचे नेते. अरण्य कोणाच्या मालकीचे न करता त्यावर जगणाऱ्यांच्या सामायिक वापरासाठी राखावे, ही त्यांची मागणी. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांची हत्या झाली. १९९०मध्ये त्यांच्या नावाने असे राखीव क्षेत्र घोषित झाले. आज कुरणे तिथेही शिरत आहेत.

दुर्गम प्रदेशाविषयी आपण दोनच भाषांत बोलतो: तो जसाच्या तसा ठेवा, किंवा तो जोडा. मेंडेस यांनी माणसे जोडली आणि झाडे होती तिथे राहू दिली. अरण्यात जाणारा प्रत्येक रस्ता मला या कसोटीवर तपासावासा वाटतो: त्याने कोणाला जवळ आणले, आणि त्यासाठी काय तोडले?