विमानातील आसन आणि उपासना



विमान हा शब्द आपणांस परका नाही. मोटार आली, तिचे नाव बाहेरून आले. परंतु विमान आले तेव्हा त्याचे नाव आपल्या घरात आधीच तयार होते. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात प्रभु रामचंद्र लंकेहून अयोध्येस निघाले ते पुष्पक विमानातून. बरोबर कोण कोण होते म्हणाल तर लक्ष्मण, सीतामाई, सुग्रीव आणि त्याचे वानर, बिभीषण आणि त्याचे मंत्री. एवढे बसल्यावर किष्किंधा लागली. तेथे सीतामाईच्या मनात आले की तारा आणि इतर वानरस्त्रियांनाही बरोबर न्यावे. त्याही बसल्या. कोणी म्हणाले नाही की आता जागा संपली. आपल्या कथेकऱ्यांची परंपरा तर असे सांगते की, पुष्पकात कितीही माणसे चढली तरी एक आसन रिकामे उरतच असे.

आता गंमत पाहा. विमान या शब्दात 'मा' हा धातु आहे, आणि त्याचा अर्थ मोजणे. पुष्पक मोजमापात मावले नाही. आजचे विमान मात्र खरोखरच मोजलेले आहे. एअरबस ए-३२० नावाचे विमान घ्या. सगळी आसने एकाच दर्जाची ठेवली तर त्यात १८० माणसे बसतात. ३० रांगा, एका रांगेत ६ आसने, तीन अलीकडे, तीन पलीकडे, मधून जाण्यायेण्याची वाट. म्हणजे खिडकीशेजारची ६०, वाटेकडची ६०, आणि दोघांच्या मधली ६०. हा हिशोब ध्यानात ठेवा. विमान पूर्ण भरले की साठ माणसांना मधे बसावेच लागते. मधे कोणीच बसू नये अशी युक्ति कोणत्याही शास्त्रात नाही.

आपल्या देशात सामान्य माणसाला विमानात बसवण्याचा मोठा उद्योग २००३ साली सुरू झाला. कॅप्टन गोपीनाथ या निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी एअर डेक्कन कंपनी काढली. काही थोड्या जागा तर १ रुपया भाड्याने दिल्या. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रातला चौकटीच्या कोटाचा, धोतराचा 'कॉमन मॅन' हे त्या कंपनीने आपले चिन्ह केले. २००८ साली ती दुसऱ्या कंपनीत मिसळून गेली. पण ज्यांनी जन्मात विमानाचे तिकीट काढले नसते अशांनी तिच्यामुळे आकाश पाहिले. या कंपनीच्या विमानात आरंभी आसनाला नंबर नसे. आधी चढेल त्याने हवे तेथे बसावे.

असे का करीत? तर त्यात खर्चाची बचत असते. ही रीत मूळची अमेरिकेतील. साउथवेस्ट नावाच्या कंपनीने १९७१ साली उड्डाणे सुरू केली तीच नंबराविना. १९७२ साली पैशाची ओढाताण झाली, चार विमानांपैकी एक विकावे लागले आणि चारांचे काम तिघांवर आले. तेव्हा त्यांनी ठरवले की उतरलेले विमान १० मिनिटांत पुन्हा उडालेच पाहिजे. जमिनीवर उभे असलेले विमान पैसा मिळवत नाही. आणि नंबर नसला की माणसे आपण होऊनच धावतात. 'चला, आटपा' असे कोणी सांगावे लागत नाही. पाहा, मनुष्याच्या मनातील हाव हीसुद्धा व्यापाऱ्याच्या उपयोगी पडली!

आपण हसू नये. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्यास पहिली एस. टी. आली, आणि तेव्हापासूनच्या आपल्या प्रवासाकडे पाहिले तर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या आपणांस कोणी अमेरिकेहून शिकवलेली नाही. कीर्तनातही मृदंगाजवळची जागा मिळावी म्हणून तासभर आधी उपरणे अंथरून ठेवणारे भाविक मी पाहतो. उपरणे पुढे बसलेले असते, भाविक बाहेर चहा घेत असतो, आणि काठी टेकत आलेली म्हातारी मागे चपलांपाशी बसते.

असो. हा विषय निघाला तो हिंजवडीस. एके काळी भाताची खाचरे असलेल्या या गावाशेजारी आज राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा आहे. म्हातोबाच्या यात्रेस बगाड ओढणारी गावकरी मंडळी आणि देशोदेशी कामाला जाणारी अभियंता मंडळी एकाच रस्त्याने जातात. तेथे कीर्तन झाल्यावर पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "महाराज, एक शंका आहे. लहान आहे, पण जात नाही."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. २००६ साली त्यांनी आईवडिलांना पुण्याहून दिल्लीस आणि तेथून हरिद्वारास नेले. वडील माळकरी, वर्षाची वारी चुकवायची नाही. दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास. चिठ्ठीवर आसनाचा नंबर नव्हता. दार उघडताच माणसे निघाली ती पळतच. मुलगा म्हणाला, "आबा, भरभर चला, नाहीतर जागा मिळायची नाही." आबा म्हणाले, "अरे, तिकीट मोजूनच दिलंय ना? मग आपल्यापुरती जागा असणारच. तुझ्या आईचा गुडघा दुखतोय, तिच्या पावलानं चालू." आत गेले तो तिघांना तीन वेगळ्या रांगांतल्या मधल्या जागा उरलेल्या. आई भ्यालेली. पट्टा कसा लावावा हे कळेना, आणि दोन्ही बाजूंना परकी माणसे. इतक्यात तिच्या शेजारी वाटेकडेला बसलेली एक तरुण मुलगी उठली. म्हणाली, "आजी, आजोबांना इथं बसू द्या, मी त्यांच्या जागेवर जाते." आपली पुढची, सोयीची जागा सोडून ती पार मागे, दोन धिप्पाड माणसांच्या मधे जाऊन बसली. दिल्ली येईपर्यंत म्हातारी म्हाताऱ्याचा हात धरून होती.

"पुढे काही वर्षांनी," ते गृहस्थ म्हणाले, "कामासाठी मी अमेरिकेत अशाच नंबर नसलेल्या विमानात बसलो. मला खिडकी मिळाली. मधल्या जागेवर मी माझी बॅग ठेवली आणि डोळे मिटून घेतले, कोणी विचारू नये म्हणून. एक म्हातारे गृहस्थ क्षणभर थांबले आणि पुढे गेले. महाराज, मला झोप लागली नव्हती. माझ्या आईला जागा देणारी ती मुलगी मला तेव्हा आठवत होती, तरी मी बॅग उचलली नाही. असं का झालं?"

श्रोतेहो, ही शंका लहान नाही. आपल्यावर झालेला उपकार आठवतो आहे, आणि हात मात्र हलत नाही. ज्ञान आहे, आचरण नाही. याचे उत्तर मी त्यांना शब्दाच्या वाटेने दिले, कारण लहानपणी पाठशाळेत आम्हांस धातु घोकून घेतले आहेत.

संस्कृतात 'आस्' म्हणजे बसणे. बसण्याची जागा ते आसन. आता या एका धातूची दोन लेकरे पाहा. 'उद्' हा उपसर्ग लावला की उदासीन, म्हणजे सगळ्यांपासून वेगळा, वर जाऊन बसलेला. 'उप' लावला की उपासना, म्हणजे जवळ जाऊन बसणे. धातु एकच, बसणे एकच; फरक जवळ की दूर एवढाच. आपण देवाजवळ बसतो त्याला उपासना म्हणतो आणि भूषण मानतो. परंतु ज्याला माणूस शेजारी नको, त्याला देव शेजारी कसा चालेल? मधल्या आसनावर बॅग ठेवून डोळे मिटणे हे उदासीनाचे आसन झाले. डोळे तर ध्यानातही मिटतात! पण ध्यानात कोणीतरी यावे म्हणून मिटतात, येथे कोणी येऊ नये म्हणून मिटले.

आणि हे का घडते? माणूस दुष्ट असतो म्हणून नव्हे. जागा मिळाली की ती 'माझी' होते. घटकेपूर्वी जी कोणाचीच नव्हती, दोन घटकांनी जी आपणच सोडून उतरणार, तिच्यावर मधल्या वेळात ममत्व जडते. इतकेच नव्हे, तर शेजारची रिकामी जागासुद्धा आपलीच वाटू लागते. संसाराचे सगळे स्वरूप या दोन तासांच्या प्रवासात दिसते. तो आईचा मुलगा त्या दिवशी उभा होता, त्याला जागा नव्हती, म्हणून देणारीचे मोल त्याला कळले. पुढे तो बसलेला होता. बसलेल्याला उभ्याचे दुःख आठवते, पण पोहोचत नाही.

यावर दक्षिणेकडील वैष्णव एक सुंदर कथा सांगतात. तिरुक्कोविलूर गावी एका रात्री मोठा पाऊस पडत होता. पोय्गै आळवार आसऱ्यासाठी एका घराच्या चिंचोळ्या देवडीत शिरले आणि आडवे झाले. तो दुसरे, भूतत्ताळवार, आले. म्हणाले, जागा आहे का? पहिले म्हणाले, एकाला निजण्यापुरती होती, आता दोघांना बसण्यापुरती आहे, या. दोघे बसले. मग पेयाळवार आले. हे म्हणाले, दोघांना बसण्यापुरती होती, आता तिघांना उभे राहण्यापुरती आहे, या. तिघे उभे राहिले. आता तिळभर जागा उरली नाही, आणि नेमक्या त्याच वेळी अंधारात आणखी कोणीतरी आत रेटून शिरल्याचे तिघांना जाणवले. कोण ते दिसेना. तो चौथा म्हणजे प्रत्यक्ष भगवंत.

बंधूंनो, पोय्गै आळवार आडवेच पडून राहिले असते तर? निद्रा मिळाली असती. देव मिळाला नसता. मोजली तर देवडी तेवढीच राहिली, वाढली नाही. पण आत माणसे वाढत गेली तसतसा प्रत्येकाने आपला देह आखडता घेतला. पुष्पकातले उरलेले आसन कोठून येत असेल ते या कथेवरून समजते. लाकूड वाढत नाही, बसणारे सरकतात.

यावर कोणी म्हणेल, तर मग नंबरच का देऊ नयेत? भांडण मिटले! हेही खरे आहे. नंबर ही वाईट गोष्ट नव्हे. आपल्या माउलींच्या पालखी सोहळ्याकडे पाहा. हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीत रथापुढे २७ दिंड्या आपापल्या ठरलेल्या क्रमाने चालतात. क्रम ठरलेला आहे म्हणून पुढे जाण्याची धावाधाव नाही. म्हातारा वारकरीही निश्चिंत चालतो. नियम हा दुर्बळाचा आधार असतो. साउथवेस्ट कंपनीनेही अखेर तेच केले. शंभरातील ऐंशी उतारूंना ठरलेली जागा हवी आहे असे तिच्या पाहणीत आढळले, आणि पन्नास वर्षांहून जुनी रीत मोडून २७ जानेवारी २०२६ पासून तिने आसनांना नंबर दिले.

परंतु नंबर आला की त्याच्या मागोमाग किंमत येते. आपल्याकडील स्वस्त विमानांत आज खिडकीचे वेगळे पैसे, पुढच्या रांगेचे वेगळे, पाय लांब करता येतील त्या जागेचे आणखी वेगळे. मूल एकीकडे आणि आई दुसरीकडे असे होऊ लागले, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाला सांगावे लागले की, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाप यांच्यापैकी एकाजवळ तरी आसन द्या. नियमाने लेकराला आई दिली, चांगले झाले. पण गुडघा दुखणाऱ्या म्हातारीला तिचा म्हातारा कोणत्या नियमाने मिळणार? तेथे कोणीतरी उठावेच लागते. नंबर असो वा नसो, साठ माणसे मधे बसणारच आहेत. नियम फक्त हे ठरवतो की कोणी कोठे बसावे. शेजाऱ्याला पाहून आपण आखडतो की पसरतो, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "त्या परदेशी म्हाताऱ्याला आता कोठे शोधणार? त्याचा शोध घेऊ नका. तुम्हांला अजून पुष्कळ प्रवास आहे. त्या मुलीने तुमच्या आईला दिलेली जागा तुमच्याकडे ठेव म्हणून आहे. पुढचा जो कोणी उभा दिसेल त्याला ती द्या. ऋण फिटते ते असेच."

पुण्याहून विमान उडते ते लोहगावातून, आणि लोहगाव हे आपल्या तुकोबांचे आजोळ. तेथील विमानतळास तुकाराम महाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली संमत केला. तुकोबांसाठीही विमान आले होते असे आपण मानतो, आणि निघताना त्यांनी गावाला हाक घातली, चला म्हणून. त्या विमानात नंबर नव्हता, भाडे नव्हते, धक्काबुक्कीही नव्हती. तरी लोक राहिले, कारण ज्याला त्याला आपापली येथली जागा सोडवेना.

म्हणून विनंती एवढीच. येत्या वारीला एस. टी. मध्ये, राहुटीत, दर्शनबारीत, आणि कधी योग आला तर विमानातही, शेजारची रिकामी जागा ही आपली नाही हे मनाला आधी सांगून ठेवावे. मांडीवरचे गाठोडे मांडीवरच असू द्यावे. आणि कोणी दारात उभा राहून पाहू लागला तर त्याने विचारण्यापूर्वी आपणच म्हणावे, "या माउली, होईल जागा."

रामकृष्ण हरि.